हिवाळा त्यांना द्या, मे महिना मुलासाठी ठेवा

वाई तालुक्यातील एका चौतीस वर्षांच्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. वरळीतील एका श्रीमंत कुटुंबात त्या मुले सांभाळतात. मुलगी चार वर्षांची आहे आणि बाळ अकरा महिन्यांचे. हे कुटुंब दर हिवाळ्यात आणि पुन्हा मे महिन्यात स्वित्झर्लंडच्या डोंगरातील घरी राहायला जाते आणि ताईंना सोबत नेते. पगार मुंबईतलाच मिळतो, तेथे आठवड्याची सुट्टी नसते, बाळ रात्री त्यांच्याच खोलीत झोपते आणि पासपोर्ट साहेबांच्या कार्यालयात असतो. यंदा डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत चलावे, असे मॅडमनी सांगितले आहे. नवऱ्याचा आधार नाही. नऊ वर्षांचा मुलगा गावी आजीकडे शिकतो. बर्फातला फोटो पाहून त्याने विचारले, "तू आता तिची आई झालीस का?" आणि तेव्हापासून तो फोनवर येत नाही. ताई विचारतात, "नोकरी सोडू की जाऊ?"

ताई, सप्रेम नमस्कार.

नोकरी सोडण्याचा निर्णय आज घेऊ नका आणि मार्चअखेरपर्यंतच्या मुक्कामाला होकारही देऊ नका. तुमच्या पत्रात मुलाचे दुःख आणि नोकरीतील अडचणी अशा वेगवेगळ्या मांडल्या आहेत, जणू एकीचा दुसऱ्याशी संबंध नाही. मला मात्र असे वाटते की तुमचा मुलगा तुमच्यापासून दुरावतो आहे त्याचे मोठे कारण तुमचे डोंगरात जाणे हे नसून, तेथे तुमच्या वाट्याला स्वतःचा असा एकही तास येत नाही, हे आहे. तो तास मिळवायचा असेल तर मालकांशी कामाच्या अटींविषयीच बोलावे लागेल.

घड्याळाचेच पाहा. हिवाळ्यात स्वित्झर्लंड भारताच्या साडेचार तास मागे असते. मुले रात्री आठला झोपल्यावर तुम्ही फोन हातात घेता, तेव्हा वाईला मध्यरात्रीनंतरचा साडेबाराचा सुमार झालेला असतो. मग तुमचा फोन पहाटे उठून होतो, बाळ उठेल या धास्तीने हळू आवाजात, आणि पलीकडे शाळेच्या घाईत असलेला मुलगा "हं, हं" करून आजीकडे फोन देतो. त्याच्या जागी कोणीही असते तरी हेच केले असते. तुमच्या दुपारी एक वाजता मात्र त्याच्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. तो शाळेतून आलेला असतो आणि अभ्यासाला बसायचा असतो. तेव्हा मॅडमना स्पष्ट सांगावे, की दुपारी एक ते दोन हा तास माझा असेल, त्या वेळात मुलांजवळ घरातील दुसरे कोणीतरी बसेल आणि मला हाक मारली जाणार नाही. पगारवाढ मागण्यापूर्वी हा तास मागा, असा माझा आग्रह आहे.

"फिरायला मिळतंय ना फुकट," असे मॅडम म्हणाल्याचे तुम्ही लिहिले आहे. हे वाक्य त्या वाईट हेतूने म्हणाल्या असतील असे नाही, पण ते खरे नाही. स्वित्झर्लंडच्या डोंगरातील सेंट मॉरिट्झसारखे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे मीटर उंचीवर आहे. तेथे दोन लहान मुलांना थरावर थर चढवून बाहेर काढायचे, आणि मोठीला शू लागली की ते सारे पुन्हा उतरवायचे. बाबागाडीतले बाळ हलत नसल्याने, ती ढकलणाऱ्या बाईला ऊब वाटत असतानाही ते गारठते, याचे भान ठेवायचे. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणे ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून मुलांच्या डोळ्यांची आणि कातडीची काळजी घ्यायची. हे मुंबईतल्यापेक्षा अवघड काम आहे आणि ते रात्रीही संपत नाही. अशा कामाचा मोबदला मुंबईतील पगाराइतकाच असणे योग्य नव्हे. परदेशातील दिवसांसाठी वेगळा भत्ता असला पाहिजे. बर्फातील बूट आणि गरम कपडे हीदेखील कामाची साधने आहेत आणि ती तुमच्या मापाची असली पाहिजेत. मॅडमचे दोन नंबर मोठे जुने बूट घालून तुम्ही बाळाला घेऊन गोठलेल्या रस्त्यावरून चालता, हे वाचून मला त्या बाळाचीही काळजी वाटली.

घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये १८९ क्रमांकाचा करार संमत केला. आपला पासपोर्ट आपल्याजवळ ठेवण्याचा कामगाराचा हक्क त्यात नमूद आहे, आणि आठवड्यातून सलग किमान चोवीस तासांची विश्रांतीही. विश्रांतीच्या वेळात त्या घरातच थांबण्याची सक्ती करता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. भारताने या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. स्वित्झर्लंडने ती २०१४ मध्येच दिली. घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला जानेवारी २०२५ मध्ये सांगितले, पण तुम्हाला या डिसेंबरात निघायचे आहे, तो कायदा होईपर्यंत थांबणे तुम्हाला परवडणारे नाही. पासपोर्टविषयी आपल्याकडील कायदाही स्पष्ट आहे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. साहेबांच्या कपाटात तो अडकवून ठेवण्याचे काही कारण नाही. व्हिसाच्या कामासाठी द्यावा लागला तर द्या आणि काम झाल्यावर परत घ्या.

परतीच्या तिकिटाची प्रतही स्वतःजवळ असू द्या. हा संशय वाटेल, पण त्याला इतिहास आहे. इंग्रजांच्या काळात गोऱ्या कुटुंबांची मुले सांभाळत बोटीने विलायतेला गेलेल्या कित्येक आयांना काम संपताच लंडनमध्ये परतीच्या भाड्याविना सोडून दिले जाई, आणि त्यांच्यासाठी हॅकनी भागात एक आश्रयगृह चालवावे लागले होते. त्या घरावर २०२२ मध्ये स्मृतिफलक बसवण्यात आला. तुमचे मालक तसे नसतील. तरीही व्हिसाच्या अर्जात तुमचे काम आणि वेतन खरे लिहिले आहे ना, हे सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्या. व्हिसासाठी काढलेल्या विम्याची प्रतही मागा. मुलांना घसरगाडीवर ओढताना पाय मोडला तर तो विमा लागू होतो का, हे जाण्याआधी विचारलेले बरे.

आता दिवसांचा हिशेब. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर जाता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही, आणि स्वित्झर्लंड या व्यवस्थेत आहे. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत शंभराहून अधिक दिवस होतात. तुमच्याकडे अल्पमुदतीचाच व्हिसा असेल, तर मॅडमनी आखलेला मुक्काम नियमातच बसत नाही, आणि मुदत ओलांडल्याची नोंद तुमच्या नावावर होईल, त्यांच्या नव्हे. शिवाय हिवाळ्यात ९० दिवस संपवले, तर जूनच्या मध्यापर्यंत पुन्हा तेथे जाता येणार नाही, म्हणजे मे महिन्याचा प्रवास आपोआप बाद होतो. बहुधा त्यांच्या कार्यालयात हा हिशेब कोणी केलेलाच नाही. तो तुम्ही त्यांच्यापुढे मांडा.

माझा सल्ला असा, की डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जाण्यास तयार व्हा आणि मे महिन्याला ठाम नकार द्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही मुंबईत असाल, म्हणजे मुलाच्या वार्षिक परीक्षेच्या दिवसांत निदान एकाच देशात असाल, एखादा रविवार गाठून गावी जाऊ शकाल आणि मेच्या सुट्टीत त्याच्याजवळ राहाल. ऐन हंगामात ओळखीची बाई सोबत आहे, याचे मोल त्या कुटुंबाला ठाऊक आहे. तुमची मागणी त्यांनी मानली नाही, तर मात्र परत आल्यावर एक महिन्याची पूर्वसूचना देऊन दुसरे काम पाहा. परदेशात दोन मुले सांभाळल्याचा अनुभव असलेल्या बाईला मुंबईत काम मिळणे अवघड नाही.

मुलाच्या प्रश्नाला तुम्ही अजून उत्तर दिलेले नाही, ते द्या. "मी तिची आई नाही, तिला सांभाळणे हे माझे काम आहे, ती मला आवडते, आणि आई मी तुझीच आहे," एवढे पुरे. मुलीवरचे प्रेम लपवू नका, मुलांना लपवाछपवी आधी कळते. तुम्ही आजवर पाठवलेल्या प्रत्येक फोटोत ती मुलगी आहे, हे तुमच्या लक्षात आले आहे का? यापुढे तुमची खोली, खिडकीतून दिसणारी डोंगरातली रेल्वे, तुमचे जेवणाचे ताट असे फोटो पाठवा, म्हणजे तुम्ही कोठे आहात हे त्याला दिसेल आणि त्यात दुसरे मूल नसेल. निघण्यापूर्वी घरच्या कालनिर्णयवर जाण्याची व येण्याची तारीख त्याच्याच हाताने लिहवून घ्या, आणि ती पाळता येणार असेल तरच लिहवून घ्या. पहिले काही दिवस तो फोनवर येणार नाही, तरीही दुपारी एकला फोन करा. आजीला सांगा, की त्याला ओढून आणू नये, फोन नुसता त्याच्याजवळ ठेवावा.

मॅडमशी बोलताना या साऱ्या गोष्टी तोंडी सांगून थांबू नका. कामाचे तास, सुट्टी, भत्ता, पासपोर्ट आणि परतीची तारीख एका कागदावर मराठीत लिहा, इंग्रजी करून घ्या, आणि तिकिटे निघण्यापूर्वी दोघांच्या सह्या घेऊन एक प्रत गावी आईकडे ठेवा. मे महिन्याचा नकार त्याच कागदावर असू द्या, म्हणजे त्या सुट्टीसाठी दुसरी बाई शोधायला आणि मुलीला तिची सवय लावायला त्यांना पुरेसा वेळ मिळेल.