वाचकांचे प्रश्न: आज्जीच्या भाकरीचा इतिहास कसा लिहायचा?

चळवळीतल्या बायका आणि त्यांचा इतिहास यावर मागच्या अंकात लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आलीत. सगळी घेता येत नाहीत, निवडक घेतलीत.

ताई, माझी आज्जी ४२ च्या चळवळीत होती असं घरात सगळे म्हणतात, पण कुठल्याच यादीत नाव नाही, पेन्शन पण कधी मिळाली नाही. मावशी म्हणते ती नुसत्या भाकरी पोचवायची. मला तिच्यावर लिहायचंय, पण लिहू काय? (एक वाचक, राजारामपुरी)

भाकरीपासूनच सुरू करा की. माणूस भूमिगत आहे, शेतात नाहीतर डोंगरात लपलाय, म्हणजे त्याला रोज कुणीतरी जेवण पोचवणार. युद्धाचे दिवस, धान्याची मारामार, घरातच खाणारी तोंडं भरपूर आणि वर जादाच्या भाकरी थापायच्या, तर पीठ कुठनं आलं, सासूला काय सांगितलं, अवेळी चूल पेटलेली शेजारणीला दिसली तर काय थाप मारली, बुट्टी कुणाच्या रानातनं गेली आणि तेवढा वेळ तान्हं पोर कुणापाशी होतं, हे सगळं मावशीला विचारा. यातलं निम्मं जरी मिळालं तरी चळवळ गावात कशी टिकली ते कळेल, आणि ते पुढाऱ्यांच्या भाषणांतनं कळत नाही.

यादीचं म्हणाल तर ती कशी झाली ते बघा. १९७२ ला केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन सुरू झाली, तिला सहा महिने तुरुंगवासाचा पुरावा लागायचा, पुढं बायकांसाठी तो तीन महिन्यांवर आणला, नाहीतर मग भूमिगत असल्याचा सरकारी कागद. आता जिचं कामच न सापडण्याचं होतं तिच्या नावाचं वॉरंट कुठनं आणायचं? आणि गंमत म्हणजे पुढं गावोगावचे इतिहास लिहिणाऱ्यांनी ह्याच याद्या समोर ठेवल्या, त्यामुळं पेन्शनीतनं सुटलेली बाई इतिहासातनं पण सुटली.

ज्या दिसल्या त्यांची नावं राहिली. आपल्या कोल्हापुरात इंग्रज गव्हर्नर विल्सनचा पुतळा विद्रूप करणाऱ्या भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे यांची नावं निघतात. प्रतिसरकारातल्या, म्हणजे ४२ नंतर साताऱ्याकडं इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या लोकांच्या सरकारातल्या हौसाताई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या, त्यांनी नवऱ्यानं मारल्याचं नाटक पोलीस चौकीसमोर केलं आणि तेवढ्यात साथीदारांनी हत्यारं पळवली, हे त्यांनी म्हातारपणी स्वतः सांगितलं म्हणून आपल्याला माहीत. विचारायला कुणी गेलंच नसतं तर?

एक सांगते, मावशीला सन विचारू नका. सन कुणाच्या लक्षात नसतो. थोरला पोटात होता का, गांधीवधानंतरची जाळपोळ झाली तेव्हा आज्जी कुठल्या घरात राहत होती, असं विचारा, सन आपला आपण काढायचा. आणि मुलाखत घेताना घरातल्या पुरुषांना जरा चहाला बाहेर पाठवा, नाहीतर उत्तरं तेच देतात.

निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांचा लढा आपल्या इतिहासात धरायचा का कर्नाटकाच्या? (शिक्षिका, गडहिंग्लज)

राज्याची हद्द १९५६ ला आखली, बायका त्याच्या आधीपासून इकडं तिकडं जायच्या, लग्नं तिकडं, माहेर इकडं, भाषा मराठी. त्यामुळं ह्या वादात मला फार रस नाही. मला खुपतं ते दुसरंच. निपाणी म्हटलं की लोकांना एप्रिल १९८१ आठवतं, तंबाखू शेतकऱ्यांचा रस्ता रोको, हायवे बंद, गोळीबार. आठवायलाच पाहिजे, माणसं गेलीत. पण त्याच गावात, त्याच तंबाखूच्या वखारीत बायका दिवसभर धुरळ्यात बसून तंबाखू कुटायच्या, चाळायच्या, खोकत घरी जायच्या, मालक म्हणेल ती मजुरी, मुकादम म्हणेल तो शब्द, आणि त्याच सुमाराला प्रा. सुभाष जोशी यांच्यासोबत त्यांनी युनियन उभी केली हे किती जणांना आठवतं? शेतकऱ्याच्या मालाला भाव आणि मजूर बाईच्या हाताला भाव, एकाच तंबाखूच्या दोन गोष्टी आहेत, आणि आपण एकच सांगतो.

छाया दातारांनी ह्या बायकांवर अभ्यास केला, तो १९८९ ला इंग्रजीत पुस्तक म्हणून आला. त्याच्याही आधी, १९८२ ला युगांतर नावाच्या बायकांच्या फिल्म गटानं ह्या कामगारांना सोबत घेऊन एक डॉक्युमेंटरी केली होती. कुठं मिळाली तर मुलांना दाखवा.

आणि तुम्ही गडहिंग्लजच्या, तर १९७५ ची देवदासी निर्मूलन परिषद तुमच्याच गावात झालेली, बाबा आढावांच्या पुढाकारानं. तिथनं सुरू करा ना. परिषदेत भाषणं कुणाची झाली ते कुठंतरी छापलेलं सापडेल, पण आलेल्या जोगतिणी, म्हणजे देवीला वाहिलेल्या बायका, कशा आल्या, तिकिटाचे पैसे कुणी दिले, परत गेल्यावर गावानं काय केलं, हे सांगणाऱ्या आता किती राहिल्या असतील? घाई करा बाई.

शाहू महाराजांनी बायकांसाठी सगळे कायदे करून ठेवलेत, मग वेगळा बायकांचा इतिहास कशाला? उगं फॅड. (वाचक, शिवाजी पेठ)

महाराजांचं काम मोठंच आहे, त्यात वाद नाही. १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९१९ ला बायकांच्या छळाविरुद्धचा कायदा, १९२० ला जोगतिणींबद्दलचा. पण दादा, कायदा झाला हे एक वाक्य झालं. तो कायदा घेऊन कचेरीत पहिली कोण गेली, तिच्याबरोबर कोण गेलं, निकाल लागेपर्यंत ती राहिली कुठं? आणि समजा कुणीच गेलं नसेल तर का गेलं नाही, ते तर त्याहून महत्त्वाचं. आपल्याकडं संस्थानाची दप्तरं आहेत, कोल्हापूर पुरालेखागारात बसून मोडी वाचणारी पोरं पाहिजेत. महाराजांचा मोठेपणा पण त्यातनंच नीट दिसेल, नुसत्या जयंतीच्या फलकावरनं नाही. फॅड म्हणायचं तर आधी चार दिवस तिथं धूळ खाऊन बघा.

गेल ऑम्वेट इतिहासकार होत्या का कार्यकर्त्या? जो स्वतः चळवळीत आहे तो निष्पक्ष कसा लिहिणार? (एमए चा विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ)

जन्मानं अमेरिकन, शिक्षणानं समाजशास्त्रज्ञ, पण त्यांचं कॅलिफोर्नियातलं पीएचडीचं कामच पश्चिम महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीच्या इतिहासावर. मग इथंच राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं, कासेगावात घर केलं, म्हणजे आपल्या हायवेवर पेठ नाक्याच्या पुढं. सासूबाई इंदुताई पाटणकर प्रतिसरकारातल्या, नंतर परित्यक्ता बायकांच्या लढ्यातल्या. अशा घरात बसून जे ऐकायला मिळतं ते कुठल्या लायब्ररीत मिळणार?

निष्पक्ष असण्यापेक्षा बाजू उघड सांगणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. फक्त एक पथ्य पाळावं लागतं, आपल्याच चळवळीतली भांडणं लपवायची नाहीत. सभेला बायका पुढं आणि कमिटीत एकही नाही, हे आपल्याच संघटनेबद्दल लिहायला धाडस लागतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाच, १९८९ चं आहे. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरी जाऊन गाठलं, बोलतं केलं, आणि त्या दोघी स्वतः त्याच चळवळीतल्या. बाहेरचा माणूस दारातनं परत आला असता.

साधनं कुठं शोधायची? (बरेच जण)

थोडक्यात सांगते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, जुनी वर्तमानपत्रं तिथं विचारा. विद्यापीठाची लायब्ररी आहेच. मुंबईला स्पॅरो ही संस्था बायकांच्या मुलाखती, फोटो जपते. पण सगळ्यात जास्त माल घरातल्या ट्रंकेत असतो, युनियनच्या वर्गणीची पावती, मोर्चाचं हँडबिल, कोर्टाचं समन्स. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला द्यायच्या आधी एकदा फोटो तरी काढा, मागच्या बाजूचा पण.

हेरवाडच्या विधवा प्रथाबंदीवर लिहायचंय, पण सर म्हणतात हा इतिहास नाही, बातमी आहे. (वाचक, शिरोळ तालुका)

सरांना नमस्कार सांगा आणि लिहायला घ्या. मे २०२२ मध्ये हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद, त्याच महिन्यात सरकारनं राज्यभरच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. इथपर्यंत पेपरात आलंय, ते परत लिहू नका. ठरावाची प्रत घ्या आणि ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांच्याकडं जा. नंतरच्या हळदीकुंकवाला कुणी बोलावलं, कुणी टाळलं, घरातनं विरोध सासूचा होता का मुलाचा, कुणाला हे सगळं नकोच होतं का, तेही लिहा, आपल्याला अडचणीचं असलं तरी. आणि कुणी म्हणाली माझं नाव छापू नको, तर नाही छापायचं, तारीख घालून वही घरात ठेवून द्यायची.