फुप्फुसातली गाठ : आधी जुना स्कॅन शोधा

सीटीच्या रिपोर्टात 'नोड्यूल' शब्द दिसला की घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागत नाही. फुप्फुसातल्या ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गोलसर डागाला नोड्यूल म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ एवढाच. वारंवार येणारे काही प्रश्न इथे घेतो.

प्रश्न : वय ४५, कधीच सिगारेट ओढली नाही. सीटीत ४ मिमीची एकच भरीव गाठ निघाली. कर्करोग असेल का?

शक्यता नगण्य. एवढ्या लहान गाठीसाठी बहुधा पुन्हा सीटीही लागत नाही. पूर्वी कर्करोग झाला असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर मात्र हा हिशेब बदलतो. डॉक्टरांना तसे सांगा.

प्रश्न : गाठीत कॅल्शियम असेल तर ती साधीच असते ना?

ऐकलेत ते अर्धे खरे. कॅल्शियम कसे साचले आहे ते पाहायचे. मधोमध, सगळ्या गाठीत सारखे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे किंवा मक्याच्या लाह्यांसारखे असेल तर गाठ बहुतेक साधी. एका कडेला किंवा ठिपक्याठिपक्यांनी असेल तर खात्री नाही. हाडाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी यावर मुळीच विसंबू नये.

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे, पूर्वी धूम्रपान करत. ९ मिमीची भरीव गाठ आहे. डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांनी सीटी, नातेवाईक म्हणतात उद्याच बायोप्सी. काय करावे?

पत्र तुम्ही दोन पाने लिहिलेत, पण वडिलांचा आधी कधी सीटी झाला होता का, हे त्यात कुठेच नाही. सगळे इथेच अडते. एका स्कॅनवरून गाठीचा आकार कळतो, तिची चाल कळायला दोन तारखा लागतात. छातीचाच स्कॅन हवा असेही नाही. पोटाच्या सीटीत फुप्फुसाचा तळ दिसतो. माझ्याकडे एक गृहस्थ बायोप्सीची तारीख घेऊनच आले होते. मूतखड्यासाठी चार वर्षांपूर्वी काढलेली सीडी त्यांच्या मुलीने कपाटातून शोधून आणली. तीच भरीव गाठ, त्याच जागी, तेवढीच. भरीव गाठ दोन वर्षे जशीच्या तशी राहिली तर ती बहुधा साधीच धरतात. तारीख रद्द झाली.

रिपोर्टचा कागद पुरत नाही, सीडी आणा. ८ मिमीची गाठ १० मिमी झाली तर कागदावर दोनच मिमी वाढलेले दिसतात, पण गाठीचे आकारमान जवळजवळ दुप्पट झालेले असते. असा फरक पातळ कापांच्या प्रतिमा शेजारीशेजारी लावून मोजावा लागतो.

जुना स्कॅन नसेल तर तीन महिन्यांचा सल्ला योग्य असू शकतो. तेवढ्या काळात जंतुसंसर्गाची गाठ अनेकदा आक्रसते आणि कर्करोगाची बहुधा वाढलेली दिसते. मात्र तीन महिने म्हणजे तीनच. 'त्रास काही नाही' म्हणून वर्षाने उगवणारे लोक पाहून मला खरोखर संताप येतो. गाठ फुप्फुसाच्या वरच्या भागात असेल, कडांना काटेरी रेघा फुटल्या असतील तर थांबायचेही नाही. छातीविकारतज्ज्ञ पेट स्कॅन किंवा बायोप्सी लगेच सुचवतील. त्यांना याच आठवड्यात भेटा.

प्रश्न : पेट स्कॅनमध्ये गाठ चमकली. म्हणजे कर्करोगच?

नाही. जिथे साखर जास्त खपते ती जागा चमकते. क्षयाची किंवा बुरशीची गाठही चमकते. उलट काही संथ कर्करोग चमकतच नाहीत आणि ८ मिमीहून लहान गाठीत या तपासणीचा भरवसा नाही. म्हणून सवलतीच्या 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये ती हौसेने करून घेऊ नका. गाठ चमकली असेल तर पुढचा निर्णय तज्ज्ञाचा.

प्रश्न : काचेवर धुके धरावे तशी ८ मिमीची पुसट गाठ दोन वर्षे तशीच आहे. आता स्कॅन थांबवू?

नको. दोन वर्षांचा नियम भरीव गाठींचा. अशा गाठी फार सावकाश वाढतात, म्हणून त्यांच्यावर पाच वर्षे नजर ठेवतात. पुसट भागात भरीव ठिपका उमटला तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : एका चूर्णाने गाठ विरघळल्याची जाहिरात पाहिली. घ्यावे का?

संसर्गाची गाठ आपोआपही विरते, श्रेय चूर्ण घेते. पैसे पुढच्या सीटीसाठी ठेवा.