भाताच्या जनुकसंचाचे वाचन शेतकऱ्याच्या काय उपयोगाचे?

भाताचा जनुकसंच, म्हणजे त्याच्या पेशीतील सारा आनुवंशिक मजकूर, वाचून होऊन इतकी वर्षे लोटली, तरी शेतकऱ्याच्या हाती काय पडले, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात वनस्पतींच्या आनुवंशिकीचा अभ्यास करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दहा देशांनी मिळून केलेले हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. अकराव्या गुणसूत्राचा काही भाग दिल्लीतील प्रयोगशाळांनी वाचला होता. पिकांमध्ये भाताचा क्रम आधी लागला, कारण त्याचा जनुकसंच सुमारे ३९ कोटी आधारजोड्यांचा (या मजकुराच्या अक्षरांचा), म्हणजे गव्हाच्या मानाने फारच लहान आहे.

खरा लाभ झाला तो पैदासकाराला, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याला. ओडिशातील 'एफआर १३ए' हा भात पुराच्या पाण्याखाली दोन आठवडे तग धरतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. पण त्याचा संकर केला की तग धरण्याच्या गुणाबरोबर नको असलेले गुणही उतरत. नवव्या गुणसूत्रावरचे नेमके जनुक २००६ मध्ये उजेडात आले आणि रोपाच्या पानाचा तुकडा तपासून निवड करणे शक्य झाल्यामुळे 'स्वर्णा' या लोकप्रिय वाणाचे दाणे व उत्पादन न बिघडवता हा गुण त्यात आणता आला. असा तयार झालेला 'स्वर्णा-सब१' हा वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की पुरात तारणारे हे जनुक ज्या 'निप्पोनबारे' या जपानी वाणाचे २००५ चे वाचन झाले त्यात मुळी नाहीच. एकाच वाणाच्या वाचनावर विसंबलो असतो, तर ते आपल्याला दिसलेच नसते. म्हणूनच पुढे २०१४ मध्ये ८९ देशांतील तीन हजार वाणांचे वाचन झाले, आणि म्हणूनच मुळशी-मावळातील आंबेमोहोरासारख्या स्थानिक वाणांचे शुद्ध बियाणे टिकवणे मी अत्यंत निकडीचे मानतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ (भरघोस उत्पादनाचा बुटका वाण) यांच्या संकरातून 'इंद्रायणी' हा वाण घडला, तेव्हा जनुकांची ही माहिती हाताशी नव्हती. आज अनेक सुवासिक वाणांत आठव्या गुणसूत्रावरील एका जनुकाची आठ अक्षरे गळालेली असतात हे माहीत असल्याने, अशा वाणाच्या संकरातील कोणत्या रोपात सुवास उतरला आहे, ते लोंबी येण्यापूर्वीच कळू शकते.

उत्पादनाचे मात्र तसे नाही. त्यामागे अनेक जनुके, जमीन आणि पाऊस असे सारेच असते. त्यामुळे नवा वाण मावळच्या खाचरात काही हंगाम लावून पाहण्याला आजही पर्याय नाही.