दवाखान्यात भावकीतलं कुणी बघितलं तर?

"तपासायला माझी ना नाही मॅडम, पण भावकीतलं कुणी बघितलं तर?" धंदा करणाऱ्या बायका मला हे जितक्या वेळा विचारतात, तितक्या वेळा 'रिपोर्ट काय येईल' हे विचारत नाहीत. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, मी काम करते.

हा प्रश्न विचारणारी ताई पस्तिशीची. नवरा वारलेला, घरात सासू आणि दोन लेकरं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लग्नाच्या स्वयंपाकाला जाते, असं ती घरी सांगते. गिऱ्हाईक फोनवर ठरतं, भेट लॉजवर होते. आपल्याकडच्या बहुतेक तालुक्यांच्या गावी हा व्यवसाय असाच विखुरलेला. वस्तीच नाही, तर वस्तीत शिबिर लावणार कुठे? कुणाला कळत नाही म्हणून ती सुरक्षित, आणि म्हणूनच तपासणीही तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यात ओपीडीची वेळ सकाळची. रात्रभर जागलेली बाई सकाळी लेकरांचे डबे करील, की केसपेपरच्या रांगेत उभी राहील?

मी तिला आधी कायदा सांगितला. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि मोजके अपवाद सोडले तर निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. "घरी पत्र तर येणार नाही ना?" नाही. "पोलिसाला?" त्यांना यादी द्यायची नसते. तिनं ऐकून घेतलं, पण समाधान झालं नाही. बरोबरच होतं तिचं. व्हरांड्यातल्या चुलत जावेला कायदा कसा अडवणार?

मग या बायकांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यकर्तीनं एका ओळखीच्या बाईच्या घरी दुपारची वेळ ठरवली. ही ओळखीची बाई स्वतः याच कामातली, त्यामुळे ताईला तिच्याकडे जायला संकोच नव्हता. बोटाला सुई टोचून दोन थेंब रक्त घेतलं आणि एचआयव्ही व सिफिलिस (संबंधातून पसरणारा एक आजार, गरमी) दोन्हींची प्राथमिक चाचणी तिथेच झाली. निकालाला फारसा वेळ लागला नाही. एचआयव्ही नाही. अलीकडच्या जोखमीचा संसर्ग इतक्या लवकर दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं. सिफिलिसची रेघ मात्र उमटली, म्हणजे तो असण्याची शक्यता होती.

"मला तर काहीच होत नाही!" खरंय. सिफिलिसमध्ये फोड येतो, दुखत नाही, आपोआप जातो आणि आजार आतच राहतो. त्रास झाल्यावर बघू, हा हिशेब इथे चालत नाही म्हणूनच या कामातल्या बाईनं दर सहा महिन्यांनी तपासावं असं आम्ही सांगतो. पुढच्या तपासणीला आणि इंजेक्शनला रुग्णालयात यावंच लागणार होतं. गर्दी ओसरल्यावर, तीननंतर, कार्यकर्तीसोबत ती थेट सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे रुग्णालयातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यात, आली. कुणी विचारलंच तर सांगायला 'अंगावरून जातंय' हे कारण पुरेसं होतं. त्या तक्रारीसाठी इथे सगळ्याच बायका येतात. पेनिसिलीनचं एकच इंजेक्शन द्यायचं की आठवड्याच्या अंतरानं तीन, हे डॉक्टर आजार किती जुना आहे त्यावरून ठरवतात. तिला तीन घ्यावी लागली. पैसे लागले नाहीत.

तिच्यासारखी अडचण असेल, तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर नाव न सांगता जवळचं केंद्र विचारता येतं. केंद्रात फोन करून "गर्दी कधी कमी असते?" असंही बिनधास्त विचारा.

तिचा नेहमीचा एक माणूस आहे, त्याच्यासोबत ती निरोध वापरत नव्हती. त्यानंही तपासून घ्यावं म्हणून त्याच्यासाठी चिठ्ठी दिली होती. तो अजून आलेला नाही. "मग मला परत होईल का?" होऊ शकतो, सिफिलिस एकदा बरा झाला म्हणून पुन्हा होत नाही, असं नसतं. तो उपचार घेत नाही तोवर त्याच्यासोबतही निरोध, हे ती त्याला कसं सांगणार, यावर पुढच्या भेटीत आम्ही बोलणार आहोत.