मेंदूचा रक्तप्रवाह दाखवणारा स्कॅन: तुमचे प्रश्न

प्रश्न: माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, डिप्रेशनच्या गोळ्या बरेच दिवस चालू आहेत, थोडं बरं वाटतं आणि मग परत तेच. कुणीतरी सांगितलं की स्पेक्ट स्कॅन केला की मेंदूचा कुठला भाग बिघडलाय ते रंगीत चित्रात दिसतं आणि नेमकं औषध देता येतं. आमचे डॉक्टर म्हणतात गरज नाही. काय करू? – एक आई

उत्तर: ताई, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. या स्कॅनमध्ये शिरेतून अगदी थोडं किरणोत्सारी औषध देतात, ते रक्ताबरोबर मेंदूत जातं आणि जिथे रक्त जास्त तिथे जास्त साठतं, मग कॅमेरा त्याचा फोटो काढतो. म्हणजे दिसतं ते फक्त त्या वेळी रक्त कुठे किती गेलं एवढंच, तिथे डिप्रेशन लिहिलेलं नसतं. लाल-निळे रंग तर कॉम्प्युटर देतो, स्केल बदलली की तेच चित्र एकदम भीतीदायक दिसू शकतं.

आणि हा प्रयत्न काही नवा नाहीये. केटी नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) पेशंटमध्ये मेंदूचा एकूण रक्तप्रवाह मोजला तर तो नॉर्मलच निघाला, पुढे १९७४ मध्ये इंग्वार आणि फ्रान्झेन यांना काही पेशंटमध्ये पुढच्या भागात प्रवाह तुलनेने कमी दिसला, त्यानंतर डिप्रेशनमध्येही असे फरक बऱ्याच जणांना सापडले. पण हे फरक गटाच्या सरासरीत दिसतात. समोर बसलेल्या एका माणसाचा स्कॅन बघून याला डिप्रेशन आहे की बायपोलर (कधी खूप उदास, कधी अति उत्साह असा आजार), की कुठलाच आजार नाही, हे खात्रीने सांगता येत नाही, कारण आजारी आणि निरोगी लोकांचे आकडे एकमेकांत खूप मिसळतात. म्हणूनच डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांचं निदान कसं करायचं हे सांगणाऱ्या पुस्तकात, डिप्रेशनच्या निदानासाठी स्कॅनची अट नाहीये.

त्यापेक्षा डॉक्टरांना हे विचारा: डोस पुरेसा आहे का आणि पुरेसे आठवडे दिला का, थायरॉइड बघितलं का, मध्ये कधी तो फार उत्साहात, कमी झोपून पण न थकता वावरला होता का (तसं असेल तर बायपोलरचा विचार होतो आणि औषधं बदलतात), समुपदेशन चालू आहे का. स्वतःला इजा करायचे विचार येतात का हे त्याला सरळ विचारा, विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. आणि येतात म्हणाला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न: वडिलांची स्मरणशक्ती कमी होतेय, एमआरआयमध्ये वयानुसार बदल लिहिलंय, आता न्यूरॉलॉजिस्टनी स्पेक्ट सांगितलाय. वरच्यासारखाच निरुपयोगी आहे का? – एक वाचक

उत्तर: नाही, इथे गोष्ट वेगळी आहे. अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा डोक्याच्या मागच्या-बाजूच्या भागात, म्हणजे टेम्पोरल आणि पॅरायटलमध्ये प्रवाह कमी होतो, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात (डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश) पुढे, आणि लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियाच्या प्रकारात ऑक्सिपिटल म्हणजे अगदी मागे. तपासणी आणि एमआरआय करूनही प्रकार कळत नसेल तर हा नमुना खरंच मदत करतो. एफडीजी पेट, म्हणजे मेंदू साखर कुठे किती वापरतो ते दाखवणारा स्कॅन, साधारणपणे जास्त अचूक असतो, उपलब्ध असेल तर त्याबद्दल विचारून बघा. पण स्कॅन एकट्याने निकाल देत नाही, वडिलांचं वागणं, विसरणं कसं सुरू झालं, हे घरच्यांनी नीट सांगणं तेवढंच महत्त्वाचं.

प्रश्न: बहिणीला फिट्स येतात, औषधांनी थांबत नाहीत, सर्जरीचा विचार चाललाय. फिट चालू असतानाच इंजेक्शन देणार म्हणे, हे कसं शक्य आहे? – एक भाऊ

उत्तर: शक्य आहे, आणि मला या तंत्राचा हाच उपयोग सगळ्यात सुंदर वाटतो. बहीण व्हिडिओ ईईजीवर (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद आणि सोबत चित्रीकरण) ॲडमिट असेल, तेच किरणोत्सारी औषध भरलेली सिरिंज तयार असेल, आणि फिट सुरू होताच काही सेकंदांत ते देतात. एक-दोन मिनिटांत ते पेशींमध्ये अडकून बसतं आणि मग लवकर हलत नाही, त्यामुळे फिट थांबल्यावर, तिला शांत करून तासाभराने स्कॅन केला तरी चित्र त्या फिटच्याच वेळचं मिळतं. फिट जिथून उठते तिथे रक्त वाढलेलं असतं, मग फिट नसतानाचा दुसरा स्कॅन त्यातून वजा करून एमआरआयवर बसवतात. इंजेक्शनला उशीर झाला तर फिट पसरलेली जागा दिसू शकते, म्हणून चाहूल लागताच बटण दाबायचं किंवा नर्सना हाक मारायची हे तिला आणि सोबत बसणाऱ्याला पक्कं सांगून ठेवा.

प्रश्न: रेडिएशनची भीती वाटते. – एक वाचक

उत्तर: या स्कॅनच्या औषधातल्या टेक्नेशियम ९९-एम या किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य सहा तासांचं असतं, म्हणजे दर सहा तासांनी तो निम्मा होतो, एक-दोन दिवसांत जवळपास सगळं संपतं. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर आधीच सांगा. आणि स्कॅनच्या दिवशी चहा-कॉफी टाळा, कॅफीनने मेंदूचा रक्तप्रवाह कमी होतो.