मधुमेहाचं पथ्य सुरू करताय? जरा दमानं

भाऊ, पहिल्याच आठवड्यात भात, पोळी, संत्रा बर्फी सगळं बंद करू नका. इतकं कडक पथ्य टिकत नाही. एखाद्या लग्नात ताबा सुटतो आणि मग चार दिवस अपराधी वाटत राहतं. नागपुरात राहून तर्री पोहे कसे सोडणार? अर्धी प्लेट घ्या, चणे जास्त, शेव कमी.

सध्या एवढंच:

- गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळू नका. उगाच चिडचिड, घाम, हात थरथरले की रक्तातली साखर मोजा. ७० (mg/dL) च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा.
- रोजचा आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत.
- वेगळं ताट नको, घरात सगळ्यांनाच ज्वारीची भाकर.

लो-कार्ब (भात-पोळी अगदी कमी), उपास वगैरे नंतर, तेही डॉक्टरांना विचारूनच. दोन आठवडे मन उदास राहिलं तर तेही त्यांना सांगा.