चॅप्टर ७ नंतरचं पहिलं क्रेडिट कार्ड: अर्ज करायच्या आधी रिपोर्ट बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून जरा सविस्तरच लिहितेय. एडिसनमधलं रेस्टॉरंट बंद पडलं, तुम्ही दोघांनी मिळून चॅप्टर ७ (अमेरिकेतली बँकरप्सी, म्हणजे दिवाळखोरी) फाईल केलं, मागच्या महिन्यात डिस्चार्जची, म्हणजे देणी माफ झाल्याची, ऑर्डर आली आणि आता रोज पोस्टाच्या पेटीत "प्री-अप्रूव्ड"ची पाकिटं येऊन पडतायत, त्यातलं कुठलं कार्ड घ्यायचं, दिरांच्या कार्डावर नाव घालून घ्यायचं का आणि दहा वर्षं घर मिळत नाही हे खरं का, असे तुमचे प्रश्न आहेत. आमच्याकडे नवऱ्याच्या आजारपणात बिलं इतकी चढली की चॅप्टर ७ शिवाय मार्गच उरला नव्हता, त्याला आता बरीच वर्षं झाली, त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे क्रेडिट रिपोर्ट शेजारी बसून ओळ न् ओळ वाचलेत. वकील नाही मी, पण हा रस्ता पायाखालचा आहे.

आधी एक सांगते, कारण तुम्ही शेवटी लिहिलंय की दीर सोडून सासरी कोणाला माहीत नाही आणि मंडळाच्या गणपतीलाही जावंसं वाटलं नाही. अहो, तुम्ही कोणाला टोपी घालून पळून गेला नाहीत. सगळे कागद कोर्टापुढे ठेवलेत, ट्रस्टीच्या (केस तपासायला नेमलेल्या माणसाच्या) प्रश्नांना शपथेवर उत्तरं दिलीत, सक्तीचे दोन्ही कोर्स पूर्ण केलेत. कायद्याने ही सोय अशा वेळेसाठीच ठेवलीय. आणि तिकडे पुण्यात कळेल ही धास्ती असेल तर इथली बँकरप्सी भारतातल्या सिबिलमध्ये जात नाही, सिबिलकडे भारतातल्या बँकांचीच माहिती असते. कोणाला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण लाजेपोटी घरात कोंडून घेऊ नका.

आता पाकिटं. ती येतात त्याचं कारण तुम्ही बँकांना एकदम आवडायला लागलात असं नाहीये, कारण असं की तुमची जुनी देणी संपली आणि फाईल केलेल्या तारखेपासून आठ वर्षं तुम्हाला परत चॅप्टर ७ चा डिस्चार्ज मिळू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणजे आता दिलेले पैसे तुम्ही सहज झटकून टाकू शकत नाही. त्यातली काही ऑफर ठीक असतात, पण बरीचशी अशी की लिमिट ३०० डॉलर आणि वार्षिक फी ७५. हा ७५ चा आकडा हवेतून नाही आलेला, २००९ च्या कार्ड ॲक्टनुसार पहिल्या वर्षीच्या फिया सुरुवातीच्या लिमिटच्या २५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत, म्हणून या कंपन्या बरोब्बर त्या रेषेवर येऊन थांबतात. तुम्ही कार्डाने चहासुद्धा घेतलेला नसतो आणि पहिलं स्टेटमेंट ७५ डॉलरचं येतं, हातात उरतात २२५. काही ठिकाणी दुसऱ्या वर्षापासून वर महिन्याची फीसुद्धा सुरू होते. पाकिटात जो बारीक अक्षरांचा तक्ता असतो ना, त्यात "वार्षिक फी" आणि "मासिक फी" या दोनच ओळी आधी शोधा, नाहीतर सरळ फाडून टाका. अशी पाकिटंच नको असतील तर ऑप्टआउटप्रीस्क्रीन डॉट कॉम वर जाऊन बंद करता येतात.

पण खरं सांगू का, कुठलं कार्ड हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की तुमच्या रिपोर्टवर आत्ता काय लिहिलंय. डिस्चार्ज मिळाला की सगळीकडे आपोआप नीट नोंद होते असं लोक धरून चालतात, बऱ्याचदा होतेही, पण दोन-चार खाती हमखास राहून जातात. आणि ती राहिली की नवीन बँकेच्या सिस्टिमला दिसतं की या माणसाचं अजूनही देणं थकलंय, मग तुम्ही कितीही कार्डं घ्या आणि वेळेवर भरा, ते एक खातं तुम्हाला मागे ओढत राहतं.

तर अजून महिना-दीड महिना थांबा, म्हणजे सगळ्यांना नोंदी बदलायला वेळ मिळेल, आणि मग ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम वरून एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन ब्युरोंचे, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचे, तिन्ही रिपोर्ट काढा. आता दर आठवड्याला फुकट मिळतात, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. केस दोघांची मिळून असली तरी रिपोर्ट दोघांचे वेगवेगळे, म्हणजे एकूण सहा. प्रिंट काढा, स्क्रीनवर हे काम होत नाही. शेजारी केसमधली शेड्युल ई/एफ ची पानं ठेवा, त्यात तुमच्या विनातारण देणेकऱ्यांची यादी असते, आणि एकेक खातं टिक करत जा. वकिलाने ती पानं दिली नसतील तर कोर्टाच्या पेसर सिस्टिमवर मिळतात, पानाला दहा सेंट लागतात आणि तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर तेही माफ असतात.

प्रत्येक खात्यापुढे शिल्लक शून्य, थकबाकी शून्य आणि बँकरप्सीमध्ये समाविष्ट किंवा डिस्चार्ज झालं अशा अर्थाचा शेरा हवा. आमच्या रिपोर्टवर एका कपड्याच्या दुकानाचं कार्ड होतं, त्याच्यापुढे "चार्ज ऑफ" (बुडीत खातं) आणि शिल्लक १,८४० डॉलर असं तसंच राहिलं होतं, एका ब्युरोवर बरोबर, दुसऱ्यावर चूक. ब्युरोला पत्र लिहिलं, त्या पानावर ती ओळ मार्करने रंगवली, सोबत डिस्चार्ज ऑर्डरची आणि शेड्युलच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली आणि सर्टिफाइड मेलने पाठवलं. ब्युरोला साधारणपणे ३० दिवसांत तपासून उत्तर द्यावं लागतं. ऑनलाइन डिस्प्युटही करता येतो, पण मला पोस्टच बरं वाटतं, कारण कागद जोडता येतात आणि पोचपावती हातात राहते. एका पत्रात एकच खातं, आणि भाषा साधी. रागावून तीन पानं लिहिलीत तर मुद्दा हरवतो. त्यांनी "तपासलं, बरोबर आहे" असं उत्तर पाठवलं तर सोडू नका, सीएफपीबीकडे (ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी बघणारी सरकारी संस्था) तक्रार करा आणि तुमच्या बँकरप्सीच्या वकिलाला दाखवा. डिस्चार्ज झालेलं देणं वसूल करायचा प्रयत्न करणं हा कोर्टाच्या आदेशाचा भंग असतो आणि क्रेडिट रिपोर्टच्या चुकांच्या केस जिंकल्यावर वकिलाची फी समोरच्याकडून घेता येते, त्यामुळे खिशात पैसे नाहीत म्हणून घाबरू नका.

यात एक अपवाद, जी देणी डिस्चार्ज होतच नाहीत, म्हणजे बहुतेक स्टुडंट लोन, अलीकडचे टॅक्स, आणि गाडीचं लोन तुम्ही रीअफर्म केलं असेल (भरत राहू असं पुन्हा लिहून दिलं असेल) तर ते, ती चालू खाती म्हणून दिसणार आणि ती दिसायलाच हवीत. गाडीचे हप्ते वेळेवर जात असतील तर तीच तुमची पहिली चांगली नोंद. रीअफर्म न करता नुसते हप्ते भरत असाल तर मात्र ते बहुतेक वेळा रिपोर्टवर येतच नाहीत, हे माहीत असू द्या. आणि वर्षाच्या सुरुवातीला एखाद्या बँकेकडून १०९९-सी (कर्ज माफ केल्याचा टॅक्सचा फॉर्म) आला तर घाबरून त्यावर टॅक्स भरून बसू नका, बँकरप्सीत माफ झालेली रक्कम उत्पन्न धरत नाहीत, रिटर्नबरोबर फॉर्म ९८२ जोडायचा असतो.

हे सगळं झालं की कार्ड. माझं स्पष्ट मत, पहिलं कार्ड सिक्युअर्ड घ्या, बिनफीचं घ्या आणि एकच घ्या. दोनशे डॉलर डिपॉझिट ठेवलं की साधारण तेवढंच लिमिट मिळतं. कॅपिटल वन आणि डिस्कव्हर या दोन्ही नावांची बिनफीची सिक्युअर्ड कार्डं आहेत (मे २०२५ पासून दोन्ही एकाच कंपनीत आहेत), कॅपिटल वनच्या एका कार्डावर काहींना ४९ किंवा ९९ डॉलर डिपॉझिटवरही २०० चं लिमिट मिळतं. पण तुमच्या बँकरप्सीत ज्या बँकांचे पैसे बुडाले त्यांच्याकडे इतक्यात जाऊ नका, ब्युरोच्या रिपोर्टवरून नोंद गेली तरी बँकेच्या स्वतःच्या वहीत तुमचं नाव राहतं. शेड्युलमध्ये नसलेलं नाव शोधा. मला स्वतःला जवळची क्रेडिट युनियन (सभासदांची पतसंस्था) जास्त आवडते. तिथे माणसाशी बोलता येतं, आधी सेव्हिंग खातं उघडा, पगार तिथे येऊ द्या, आणि दोन-तीन महिन्यांनी जाऊन सांगा की आमचं चॅप्टर ७ झालंय, डिस्चार्ज झालाय, सिक्युअर्ड कार्ड मिळेल का. लपवू नका, त्यांना दिसतच असतं. जाताना डिस्चार्जची ऑर्डर आणि पे-स्टब बरोबर ठेवा.

अर्जाच्या आधी एवढं विचारून घ्या की हे कार्ड तिन्ही ब्युरोंना रिपोर्ट करतं का. करत नसेल तर तुमच्या कामाचं नाही. जिथे प्री-क्वालिफिकेशन (कार्ड मिळायची शक्यता किती) बघायची सोय आहे तिथे आधी ते बघा, त्याने स्कोअरला धक्का लागत नाही. खरा अर्ज केला की हार्ड इन्क्वायरी (बँकेने रिपोर्ट तपासल्याची नोंद) पडते, ती रिपोर्टवर दोन वर्षं राहते, फायको नावाचा क्रेडिट स्कोअर ती एक वर्ष धरतो. एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकणारे बघितलेत मी, पाचही नाकारले जातात आणि वर पाच इन्क्वायऱ्या बसतात.

वापरताना बहुतेक सगळे एकाच ठिकाणी अडकतात. लिमिट २०० आणि तुम्ही पटेल ब्रदर्समध्ये महिन्याचं सामान भरलंत तर १४० डॉलर सहज होतात, म्हणजे लिमिटच्या ७० टक्के. बिल तुम्ही ड्यू डेटला अगदी वेळेवर पूर्ण भरलंत तरी ब्युरोकडे साधारणपणे स्टेटमेंट निघालं त्या दिवसाची शिल्लक जाते, ड्यू डेटची नाही, आणि स्टेटमेंट ड्यू डेटच्या किमान २१ दिवस आधी निघतं. त्यामुळे तिकडे दिसतं की हा माणूस कार्ड कानापर्यंत भरून वापरतोय. फायकोमध्ये वेळेवर भरण्याला ३५ टक्के वजन आहे आणि किती वापरताय त्याला ३० टक्के, म्हणजे ही क्षुल्लक गोष्ट नाही. सरळ उपाय असा की फोनचं किंवा एखाद्या सबस्क्रिप्शनचं पंधरा-वीस डॉलरचं एकच बिल त्या कार्डावर लावा, पूर्ण स्टेटमेंट बॅलन्सचं ऑटोपे लावा आणि कार्ड घरात ठेवून द्या. सामान डेबिट कार्डावरच आणा. आणि कोणीतरी सांगेल की थोडी शिल्लक पुढच्या महिन्यावर ठेवली की स्कोअर वाढतो, तसं काही नसतं, फक्त व्याज जातं आणि या कार्डांचं व्याज भयंकर असतं.

फायको स्कोअर तयार व्हायला किमान सहा महिने जुनं एक खातं लागतं, तेव्हा पहिले काही महिने ॲपमध्ये रोज आकडा बघून जीव टांगणीला लावू नका. काही बँका सात-आठ महिन्यांनी आपणहून खातं तपासून डिपॉझिट परत करतात. वर्षभर एकही हप्ता चुकला नाही की मग दुसऱ्या कार्डाचा किंवा क्रेडिट युनियनच्या क्रेडिट-बिल्डर लोनचा (नोंद सुधारायला घेतात त्या छोट्या कर्जाचा) विचार करा.

दिरांबद्दल. ऑथराइज्ड युजर म्हणून त्यांच्या जुन्या, नीट भरलेल्या कार्डावर नाव आलं तर त्या खात्याचा इतिहास तुमच्या रिपोर्टवर दिसू शकतो, फायदा होतो, नाही म्हणत नाही. पण त्यांनी एखाद्या महिन्यात कार्ड भरगच्च वापरलं किंवा उशीर केला तर ते तुमच्याही रिपोर्टवर उतरतं, आणि तुम्ही त्यावर काही खर्च केलात तर तो भरायची जबाबदारी त्यांची. भावाभावांत या पैशावरून वाकडं आलेलं मी जवळून पाहिलंय. करायचंच असेल तर कार्ड त्यांच्याकडेच राहू दे, तुम्ही हातातही घेऊ नका. माझ्या मते तुम्हाला त्याची गरज नाही.

आणि ती कुठलीशी कंपनी ९०० डॉलर घेऊन बँकरप्सी रिपोर्टवरून काढून देते म्हणून तुम्ही जी लिंक दिलीत, तिच्या नादी अजिबात लागू नका. खरी नोंद कोणी काढू शकत नाही. १९९६ च्या क्रेडिट रिपेअर कायद्याप्रमाणे काम करायच्या आधी पैसे मागणंच बेकायदा आहे आणि करार तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो. चुकीची नोंद काढायला वर सांगितलेलं पत्र पुरतं आणि त्याला पोस्टाचा खर्च येतो तेवढाच.

राहिलं घर. चॅप्टर ७ रिपोर्टवर फाईल केल्यापासून दहा वर्षं राहतं, पण राहतं म्हणजे तोपर्यंत दार बंद असं नाही. सरकारी हमीच्या एफएचए लोनला डिस्चार्जपासून साधारणपणे दोन वर्षं थांबावं लागतं, बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मेच्या नियमाने चालणाऱ्या नेहमीच्या लोनला चार. त्यात तुमचं उत्पन्न, डाउन पेमेंट आणि डिस्चार्जनंतरची वागणूक बघतात, म्हणून आत्तापासून भाडं चेकने किंवा बँकेतून द्या, रोख देऊ नका, पावत्या एका फाईलमध्ये ठेवा. दोन वर्षांनी लोन ऑफिसर विचारेल तेव्हा बारा-बारा महिन्यांचे कागद काढून देता आले पाहिजेत.

सहा रिपोर्ट काढलेत की एखादी ओळ कळली नाही तर नाव आणि खातेनंबर झाकून फोटो इथे टाका, मी बघते. कुठल्या ब्युरोचा आहे तेवढं मात्र लिहा, तिघांची मांडणी वेगळी असते.